द्वारकाबाईनं काशीत काय सोडलं

हर्सूलच्या देवीचं दर्शन करून द्वारकाबाई घरी आली, कुलूप काढलं, आत जाऊन माठातलं पाणी प्याली आणि मागं वळून बघते तर पांढऱ्या फरशीवर रक्ताची पावलं! दारापासून थेट माठापर्यंत, उजवंच पाऊल, पुन्हा पुन्हा. घरात कुणी शिरलंय, आणि तेही रक्तबंबाळ माणूस, म्हणून बाईनं ओट्यावरचं लाटणं उचललं आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. बराच वेळ ना आवाज, ना हालचाल. मग तिची नजर खाली गेली. पाण्याच्या घाईत दारात चपला काढायच्या राहिल्या होत्या, पण उजव्या पायात चप्पल नव्हतीच, टाचेत बाटलीची काच रुतली होती, आणि रक्त तिचं स्वतःचंच होतं.

बरं, चप्पल पडली कुठं? तर तेही ठाऊक नाही. देवळापासून घरापर्यंत बाई एक पाय अनवाणी घेऊन चालत आली, काचेवर पाय दिला, आणि त्या पायानं मालकिणीला काही कळवायची तसदी घेतली नाही. खाली बसून तिनं काच ओढून काढली. दुखलं नाही. आपल्याला दुखत नाही, याचीच तिला जास्त धास्ती बसली. पायाला चिंधी बांधली आणि सगळ्यात आधी काय केलं असेल, तर फडकं ओलं करून फरशी लख्ख पुसून काढली. सून दमून-भागून येते, तिला कशाला दाखवायचं? असल्या बायकांना काय म्हणावं सांगा! दुखणं लपवायला यांच्याइतकं हुशार कुणी नाही.

तशी पायाची तक्रार काही त्याच दिवसाची नव्हती. आधी बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग तळवे बधिर झाले, आणि बधिर व्हावेत तर निमूट व्हावेत की नाही? नाही. वरून आग. चुलीतल्या राखेवर पाय ठेवल्यासारखी दिवसभर धगधग. लोकांची तळपायाची आग मस्तकात जाते, हिची तळपायातच मुक्काम ठोकून बसली होती. पुढं पुढं हातालाही मुंग्या चढल्या. तांदूळ निवडताना खडा आहे का दाणा, ते बोटांना समजेना.

द्वारकाबाई मूळची पिशोरची. जन्म रझाकाराच्या धामधुमीतला, पोलीस ॲक्शनच्या सालचा. वय विचारलं की हेच सांगायची, हिशेब विचारणाऱ्यानं करावा. नवरा कारभारी वारला, तेव्हा लेकानं, बद्रीनाथनं, जमीन बटईनं दिली, म्हैस विकली आणि मायला औरंगाबादला आणली. तो वाळूजच्या कंपनीत ऑपरेटर. कधी पहिली पाळी, कधी दुसरी, कधी रातपाळी. जेवण कंपनीच्या कँटीनमधे. सून एका शाळेत क्लार्क. नात होस्टेलात. घर हर्सूलला, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, छान. पंखा, टीव्ही, नळाला पाणी. सून सकाळी पोळी-भाजी करून ओट्यावर झाकून ठेवायची, आणि दार ओढलं गेलं की द्वारकाबाईचा दिवस सुरू व्हायचा. तो सुरू व्हायचा म्हणजे काय, तर संपायची वाट बघायचा.

खिडकीतून लांबवर जेलची भिंत दिसायची. आतल्या कैद्यांना निदान एकमेकांशी बोलायला तरी मिळत असेल, असं एकदा तिच्या मनात आलं, आणि तिनं स्वतःच्या गालावर चापटी मारून घेतली. लेक-सुनेत काय खोट होती? दोघंही गुणाची. कधी अर्ध्या शब्दानं बोलले नाहीत. पण खरं सांगायचं तर पूर्ण शब्दानं बोलायलाही त्यांना फुरसत नव्हती.

रविवारी बद्रीनाथला पायाची चिंधी दिसली.

"माय, पायाला काय झालं गं?"

"काय नाय रे. काच लागली."

"दुखतंय का?"

"दुखत नाय, हीच तर पंचाईत हाय," असं म्हणता म्हणता बाईच्या तोंडून सगळंच निघून गेलं. मुंग्या, आग, हरवलेली चप्पल.

बद्रीनाथ चपापला. लेक चांगला हो, त्यानं दुसऱ्याच दिवशी हाफ डे टाकला आणि तिला मोटरसायकलवर मागं बसवून टी पॉइंटजवळच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं नाडी बघितली, ब्लडप्रेशर बघितलं, साखर तपासायला बोटातून रक्त घेतलं. साखर नव्हती. मग त्यानं मान वर न करता विचारलं, "खाणं-पिणं कसं आहे?"

द्वारकाबाईनं तोंड उघडायच्या आत बद्रीनाथ बोलला. मोठ्या अभिमानानं बोलला. "खाण्यापिण्याचं काय कमी नाय साहेब. माळकरी हाय, अंडं-मटण चालत नाय. पण दूध, दही, तूप, सगळं रोजचं. मायला दुधाचा लई शौक. घरी म्हैस होती आमच्या."

द्वारकाबाईनं उघडलेलं तोंड मिटलं.

आता तिनं ते का मिटलं, हे सांगायला काशीला जावं लागेल. नवऱ्याचं वर्षश्राद्ध झाल्यावर पिशोरच्या बायका यात्रेच्या बसनं काशीला निघाल्या, त्यांच्यात द्वारकाबाई होती. काशीला गेलं की काहीतरी आवडीचं सोडून यायचं, हा आपल्याकडचा रिवाज. गंगेत उभं राहून एक पदार्थ सोडायचा, तो पुन्हा जन्मात खायचा नाही. आता बायका काय कमी बिलंदर असतात? दगडाबाईनं कारलं सोडलं. तिनं उभ्या आयुष्यात कारल्याला हात लावला नव्हता. वच्छलाबाईनं फणस सोडला. पिशोरात फणस कुणी बघितलाय? दोघी पाण्यात उभ्या राहून एकमेकींकडं बघत पदरात हसत होत्या. द्वारकाबाईला ते जमलं नाही. देवाला काय फसवायचं, असं तिचं म्हणणं. तिनं खरोखर जिवाचं होतं तेच सोडलं. दूध, दही, ताक, तूप. म्हशीच्या आचळातून निघालेलं सगळं. दूध-भाकर कुस्करून खाल्ल्याशिवाय जिचा दिवस जात नव्हता, त्या बाईनं एका बुडीत सगळ्यावर पाणी सोडलं.

आणि सोडलेलं सांगत फिरायचं नसतं, नाहीतर पुण्य निम्मं होतं, असं तिच्या सासूनं तिला शिकवलेलं. म्हणून तिनं घरी येऊन सांगितलं नाही. पण न सांगता कळायला काय हरकत होती? सून रोज ताटाशेजारी दह्याची वाटी ठेवून जायची, द्वारकाबाई ती दुपारी परत दह्याच्या भांड्यात उलटी करायची. सकाळचा चहा विचारला की, "माझा झाला," म्हणायची. पहाटेच उठून बिनदुधाचा करून घेतलेला असायचा. पोळीला तूप नको म्हणायची, घशाला चिकटतं म्हणून. रात्रीचं जेवण दिवेलागणीलाच एकटीनं उरकून घ्यायची. सहा-सात वर्षं हे असं चाललं होतं. तिच्यासमोर बसून जेवणारं एक माणूस असतं, तर चौथ्या दिवशी विचारलं असतं, की बाई, तू दही का खात नाहीस? पण तिच्यासमोर भिंत होती, आणि भिंत काही विचारत नाही.

तर डॉक्टरसमोर ती गप्प बसली. लेक एवढ्या तोऱ्यात सांगतोय, दूध-दही-तूप. भरल्या दवाखान्यात त्याला खोटं पाडायचं? माय इतकी वर्षं काय खाते ते लेकाला ठाऊक नाही, असं चार लोकांनी ऐकायचं? नको गं बाई. आणि पायाच्या आगीचा दुधाशी काय संबंध? झाकली मूठ सव्वा लाखाची.

डॉक्टरनं वय झालं म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, चोळायला मलम दिलं. महिना गेला. मलमाचा वास घरभर झाला, पायाला ढिम्म फरक नाही.

मग हाडांचा डॉक्टर झाला. त्यानं पाठीचा फोटो काढला, तो उजेडावर धरला आणि म्हणाला, मणक्यात गॅप आहे. या गॅपनं आपल्याकडं कुणाला सोडलंय? साठीच्या पुढच्या निम्म्या बायकांच्या मणक्यात गॅप आहे. कमरेला पट्टा दिला, खाली वाकायचं नाही म्हणून ताकीद दिली. द्वारकाबाई पट्टा बांधून दिवसभर खुर्चीवर ताठ बसून राहायला लागली. आग तशीच. इथंही खाण्याचं विचारलं गेलं, इथंही बद्रीनाथनं म्हशीपासून सुरुवात केली, आणि इथंही माय गप्प.

बद्रीनाथचे हाफ डे संपत आले. सुपरवायझर कुरकुर करायला लागला. एक दिवस सून स्वयंपाकघरात हळूच नवऱ्याला म्हणाली, "आत्याबाईंच्या मनाचंच असेल हो. दिवसभर एकट्या असतात. साखर नाही, बीपी नाही, मग आग कसली?" ती वाईट मनानं बोलली नव्हती. पण भिंत पातळ, द्वारकाबाईनं ऐकलं. त्या दिवसापासून बाईनं पायाचं नाव काढायचं बंद केलं. कुणी विचारलं की, "बरं हाय आता," म्हणायची. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. दुसऱ्याला समजावून सांगायला तोंड तर हवं, आणि ऐकायला माणूसही हवा.

आणि तिच्या पोटात एक भीती होती, ती तर तिनं कुणालाच सांगितली नव्हती. रगतपिती. महारोग.

ती लहान असताना पिशोरात सांडू नावाचा माणूस होता. त्याची बोटं बधिर झाली होती. चुलीवरचं भांडं नुसत्या हातानं उचलायचा. लोकांना आधी त्याचं कौतुक वाटलं. मग कुणीतरी तो शब्द उच्चारला, आणि आठवड्यात सांडूची झोपडी नदीपलीकडं गेली. त्याची बायको लांबून दगडावर भाकरी ठेवायची आणि मागं न बघता परतायची. द्वारकाबाईला ती पाठमोरी बाई अजून दिसायची. आता ती रोज दुपारी खिडकीच्या उजेडात बसून स्वतःची कातडी तपासायची. कुठं चट्टा दिसतोय का, बोट वाकडं होतंय का. सुईचं टोक टेकवून बघायची. कळायचं नाही. मग आणखी जोरात.

तिनं मनाशी ठरवलं, घरादाराला लागण नको. आपलं ताट, तांब्या, पेला वेगळा केला. खिडकीखाली कोनाड्यात ठेवायची, स्वतःच घासायची, सुनेच्या भांड्यांत मिसळू द्यायची नाही. टॉवेल वेगळा, साबण वेगळा. सुट्टीत नात आली, तर तिला लांबूनच, "मोठी झालीस गं," म्हणाली आणि पोरगी गळ्यात पडायला आली तसं काहीतरी निमित्त काढून आत गेली. आत जाऊन पदर तोंडात कोंबून रडली. पोरगी परत होस्टेलला गेली. महिना झाला, दोन झाले. द्वारकाबाईचं ताट वेगळं झालंय, हे घरात कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

हे मात्र तिला लागलं. पायाच्या आगीपेक्षा जास्त लागलं. गावानं सांडूला वाळीत टाकलं, तर निदान गावाला ते करावं तरी लागलं, ओरडा झाला, रडारड झाली. वाळीत टाकायला आधी माणसं भोवती लागतात. इथं आपण आपलेच उठून नदीपलीकडं गेलो आणि अलीकडच्या कुणाला पत्ता लागला नाही, असं तिला वाटलं. अहो, काय चुकलं तिचं?

गोष्ट उघड झाली ती मोरीत. तोंडावर पाणी मारायला डोळे मिटले की तिचा तोल जायला लागला होता. डोळे उघडे तोवर उभी, मिटले की पायाखालची जमीन गायब. त्या सकाळी साबण लावलेल्या तोंडानं ती धाडकन पडली. बद्रीनाथ रातपाळी करून नुकताच आडवा झाला होता, तो धावत आला. मायचं कपाळ फुटलं होतं. आणि ती पडल्या पडल्या काय म्हणत होती? "शिवू नको मला. लांब हो, बद्री, शिवू नको."

"का म्हणून?"

"मला रगतपिती हाय रे बाबा."

बद्रीनाथ खाली वाकला. मग त्यानं तिला दोन्ही हातांनी उचललं, रिक्षात घातलं आणि घाटीत नेलं. घाटी म्हणजे इथला सरकारी मोठा दवाखाना. सगळ्या मराठवाड्याचं दुखणं शेवटी तिथंच येतं. कपाळाला टाके पडले. रांगेत बसून बसून दुपार झाली, तेव्हा एका तरण्या डॉक्टरीणबाईपुढं नंबर लागला. नांदेडकडची पोरगी, डोळे झोपेनं जड झालेले, पण हात घाईचा नव्हता. तिनं कापसाचा बोळा पायावरून फिरवला. लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी टेबलावर आपटून घोट्यावर टेकवलं, विचारलं, "थरथर कळतेय का, आजी?" कळत नव्हती. डोळे मिटून उभं केलं. बाई डुलायला लागली तसं पटकन धरलं. कोपराच्या, गुडघ्याच्या नसा चाचपल्या, पाठ-पोट उजेडात बघितलं, आणि म्हणाली, "हा महारोग नाही."

"नाय?"

"नाही. एक चट्टा नाही, एक नस जाड नाही. आणि असता तरी गोळ्यांनी बरा होतो तो आता. घरातून कुणी काढत नाही."

द्वारकाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. काय हवं ते होऊ दे, आपल्याला नदीपलीकडं जायचं नाही. पण मग हे आहे तरी काय?

"जीभ दाखवा," डॉक्टरीणबाई म्हणाली. जीभ लालभडक आणि गुळगुळीत होती, काच फिरवल्यासारखी. ती बराच वेळ जिभेकडं बघत राहिली. मग तोच प्रश्न. "जेवणात काय काय असतं?"

आणि बद्रीनाथ, बिचारा, तसाच पुढं झाला. "माळकरी हाय मॅडम, पण दूध, दही, तूप..."

"रोज?"

"रोज. काय माय?"

मायनं मान हलवली, पण ती हो म्हणून हलवली का नाही म्हणून, ते कुणालाच सांगता आलं नसतं. डॉक्टरीणबाईनं एकदा आईकडं बघितलं, एकदा लेकाकडं. मग एक चिठ्ठी लिहून बद्रीनाथच्या हातात दिली, "खालून रक्त घ्यायच्या रिकाम्या बाटल्या घेऊन या," म्हणून त्याला धाडलं आणि खुर्ची पुढं ओढून बसली. द्वारकाबाईच्या इतक्या जवळ, गुडघ्याला गुडघा लावून, कितीतरी वर्षांत कुणी बसलं नव्हतं.

"आजी, आता मला सांगा. काल दुपारी काय जेवलात?"

"पोळी. वांग्याची भाजी."

"दही?"

द्वारकाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

"परवा?"

"पोरी, मी सांगन. पण त्याला सांगू नको. लई चांगला हाय माझा लेक. त्याची मान खाली जाईल." असं म्हणून तिनं काशीचं सगळं सांगितलं. गंगा, दगडाबाईचं कारलं, उलटी केलेली वाटी, पहाटेचा काळा चहा. एकदा सुरू झाली ती थांबेचना. सांगताना तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. कुणीतरी विचारत होतं ना! काल काय जेवलात, परवा काय जेवलात, एवढंच तर विचारत होतं.

डॉक्टरीणबाईनं तिला समजावून सांगितलं. बी-बारा नावाचं एक जीवनसत्त्व असतं, ते मटण, अंडी नाहीतर दुधातूनच मिळतं. बाकीचं माळेनं बंद, दूध काशीनं बंद. अंगातला साठा पुरेल तितकी वर्षं पुरला आणि संपला. मग नसांवरचं आवरण झिजतं, वायरवरचं रबर जावं तसं, आणि पाय एकीकडं बधिर होतात, एकीकडं पेटतात. "रिपोर्ट येऊ द्या, पण मला वाटतं हेच आहे. सुया घ्याव्या लागतील. दूध सुरू केलंत तर पुढं सुया कमी होतील. नाही केलंत तर जन्मभर घ्याव्या लागतील. पण लेकाला मला सांगावंच लागेल, आजी. घरात बघणारं कुणी नको?"

तेवढ्यात बद्रीनाथ बाटल्या घेऊन आला. डॉक्टरीणबाईनं सरळच विचारलं, "तुमच्या आईंनी दूध सोडून किती वर्षं झाली?"

"सोडून?" तो हसला. "नाय हो मॅडम, घेते की. रोज वाटीभर दही..." आणि बोलता बोलता त्याची नजर मायच्या तोंडाकडं गेली, आणि त्याचं हसू जागच्या जागी राहिलं.

"काशीत सोडलंय त्यांनी. तुम्हाला माहीत नव्हतं?"

खोलीत दुसरे पेशंट होते, नर्स होती, दारात उभी असलेली माणसं होती. बद्रीनाथचे कान लाल झाले. आणि द्वारकाबाईला बघवलं नाही ते. डोळ्यांदेखत लेकाची मान खाली जातेय म्हटल्यावर कुठली माय गप्प बसेल?

"त्याला म्हाईत व्हतं बाई," ती मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "रोज म्हणायचा, माय, खात जा, सोड ते काशीचं. मीच आडमुठी. मीच ऐकलं नाय."

डॉक्टरीणबाईनं बाह्या वर केल्या आणि रक्त घ्यायला सुरुवात केली. बद्रीनाथ खाली फरशीकडं बघत होता. सगळ्यांसमोर तो सुटला होता, आणि मायसमोर पुरता अडकला होता.

परत येताना दिल्ली दरवाज्यापाशी रिक्षा गर्दीत थांबली, तेव्हा त्यानं विचारलं, "खोटं का बोललीस, माय?"

"कपाळ ठणकतंय रे," ती म्हणाली. "घरी चल."

रिपोर्ट आला, निदान तेच निघालं. सुया सुरू झाल्या. दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं म्हणतात, तसंच झालं. पण गेलं हे खरं, निदान जायला लागलं. आग आधी कमी झाली, मग बोटांना फरशीचा गारवा कळायला लागला. सुनेनं कोनाड्यातलं ताट बघितलं, कशासाठी ते विचारलं, ऐकून मटकन खाली बसली आणि ते ताट आपल्या भांड्यांत नेऊन ठेवलं. पण शाळा होतीच, पाळ्या होत्याच. सकाळी दार ओढलं जायचंच.

एके दिवशी बद्रीनाथची पहिली पाळी होती. बस यायला थोडा अवकाश होता. त्यानं स्वतः दूध तापवलं, साखर घातली, पेला भरला आणि मायपुढं ठेवून समोर मांडी घालून बसला.

"घे."

"बद्री, काशीत सोडलंय रे."

"त्याचं पाप माझ्या डोक्यावर. घे, माझ्यासमोर घे."

द्वारकाबाईनं पेल्याकडं बघितलं, मग लेकाकडं बघितलं. बुटांची लेस बांधलेली, अंगात कंपनीचा शर्ट, आणि तरी खाली बसलेला. तिनं पेला उचलून एक घोट घेतला. वर साय होती. इतक्या वर्षांनी ती चव जिभेवर आली आणि बाईचे डोळे भरून आले.

"आपल्या म्हशीचं याच्यापेक्षा दाट व्हतं, नाय?" बद्रीनाथ म्हणाला.

"तर! अन् लाथबी लई मारायची. तुझ्या बापाला दोनदा पाडलं तिनं."

"दोनदा? मला एकदाचं ठाऊक हाय."

"एकदा तू शाळेत व्हता." आणि ती सांगायला लागली. घोट घ्यायची, पेला खाली ठेवायची, सांगायची. होता होईल तितकं सावकाश पीत होती. बद्रीनाथ हसत होता. असा हसताना तो अगदी कारभारीसारखा दिसायचा, हे ती विसरूनच गेली होती. देवाला काय सांगायचं ते पुढचं पुढं बघू, असं तिनं ठरवून टाकलं.

मोबाइल वाजला. बस टी पॉइंटला आली होती. "संपव बरं का सगळं," म्हणत तो उठला आणि जिना उतरून गेला.

संध्याकाळी घरी आल्या आल्या त्यानं विचारलं, "दूध संपवलंस का, माय?"

व्हय म्हणायला तिच्या जिभेचं काय जात होतं? आयुष्यभर तिनं तेच केलं होतं. पण या वेळी ती त्याच्याकडं सरळ बघत म्हणाली, "नाय संपवलं."

"का गं?"

"तू उठून गेलास."